रुमालाखालचं कडं

आमची तपासणीची पेटी उघडली की पुष्कळ पालकांचा चेहरा उतरतो. दोरी बांधलेलं एक लाल कडं, घंटी, खुळखुळा, सारख्या मापाचे लाकडी ठोकळे, एक कप, खुंट्या खोचायची पाटी, आकार बसवायची पाटी, आरसा, बाहुली. डोक्याला तारा लावतील, पडद्यावर रेघा उमटतील अशा अपेक्षेने आलेली असतात माणसं. "एवढ्यावर कळतं होय बुद्धीचं?" असं एका आजोबांनी मला तोंडावरच विचारलं होतं. मी म्हटलं, बघा तर खरं. नातू तेव्हा कडं तोंडात घालण्याच्या उद्योगात होता.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या बालविकास विभागात मानसतज्ज्ञ आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक बाळं दिवस भरायच्या आधी जन्मलेली, कमी वजनाची, पहिले काही आठवडे काचेच्या पेटीत काढलेली. घरी गेली तरी त्यांना ठरावीक महिन्यांनी तपासणीला यावं लागतं. वय मोजतानाच पहिला घोळ होतो. दोन महिने आधी आलेलं बाळ आठ महिन्यांचं झालं तरी आम्ही त्याला सहाचं धरतो, कारण मेंदूची वाढ बारशापासून मोजून चालत नाही. आईबापांना हे जड जातं, आज्यांना चटकन पटतं. आज्यांचा एक दुसरा हिशेब मात्र पक्का असतो: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. वैद्यक याच्या नेमकं उलट सांगतं, पोटात जितके दिवस जास्त तितकं बरं. पण मांडीवर सातव्यातला नातू हसत असताना आजीशी वाद कोण घालणार?

आमच्या हातात जी मापनश्रेणी असते ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर बसवली. १९७० मध्ये बडोद्याची प्रमाणकं आली, १९९७ मध्ये सुधारित आवृत्ती. एक महिना ते तीस महिने एवढ्या वयासाठी हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कृती. बाळाने कृती केली की अधिक, नाही केली की उणे. परदेशातल्या बाळांचे आकडे आपल्या बाळांना लावायची वेळ या कामामुळे टळली, त्यामुळे मला या श्रेणीबद्दल आदर आहे. तरीही इतकी वर्षं हे कागद भरताना एक गोष्ट माझ्या मनात घट्ट होत गेली. मूल विचार करताना मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते उण्याच्या रकान्यांत.

लाल कड्याचंच घ्या. पाच महिन्यांच्या बाळापुढे ते लोंबकळत धरलं की बाळ डोळे रोखून बघतं, दोन्ही हात पुढे करतं. मग मी कडं खाली ठेवून त्यावर माझा रुमाल टाकते. हा रुमाल पेटीतला नाही, माझा स्वतःचा, आणि या खेळाला गुणही नाहीत. बाळाचा हात अधांतरी थांबतो. ते रुमालाकडे बघतं, माझ्याकडे बघतं आणि दुसऱ्याच कशात तरी रमतं. रडत नाही, शोधत नाही. कडं होतं, आता नाही, विषय संपला. हेच बाळ आठ-नऊ महिन्यांचं होऊन येतं तेव्हा रुमाल असा काही ओढतं की माझं हसू आवरत नाही.

मग आम्ही दोन रुमाल घेतो. कडं दोन-तीनदा डाव्या रुमालाखाली लपवायचं, बाळाने ते शोधायचं. आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश, उजव्या रुमालाखाली ठेवायचं. नऊ महिन्यांचं बाळ पुन्हा डावा रुमाल उचलतं. आया इथे फार अस्वस्थ होतात. "अरे, आत्ता इकडे ठेवलं ना ताईंनी!" एका आईने तर बाळाचा हात धरून योग्य रुमालावर नेला होता.

या चुकीवर सगळ्यात आधी नीट नजर रोखली ती झाँ पियाजे यांनी. १९२० च्या सुमारास ते पॅरिसला तेओदोर सिमोन यांच्याकडे काम करत होते. मुलांना तर्काचे प्रश्न विचारून कोणत्या वयाला किती मुलं बरोबर उत्तर देतात हे ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. बरोबर उत्तरं मोजायचा त्यांना लवकरच कंटाळा आला. एकाच वयाची मुलं एकाच पद्धतीने का चुकतात, यात त्यांचं मन गुंतलं. पुढे स्वतःची तीन मुलं झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी व्हॅलेंटाइन यांनी पाळण्याशेजारी बसून वह्या भरल्या. त्या नोंदींतून १९३६ आणि १९३७ मध्ये पुस्तकं निघाली आणि नाव अर्थातच एकट्या पियाजेंचं झालं. दोन रुमालांची चूक त्यात आहे. पियाजेंचं म्हणणं असं की या वयाच्या बाळासाठी वस्तू अजून स्वतंत्र झालेली नसते. 'मी जिथे हात घातल्यावर मिळतं ते' अशी तिची ओळख असते.

बरीच वर्षं मीही पालकांना हेच समजावून सांगायचे. पण खोलीत बसून बघताना काहीतरी खटकायचं. एक मुलगी होती, नऊ महिने उलटलेली, हुशार चेहऱ्याची. मी कडं उजवीकडे लपवलं. तिचा हात डावीकडे गेला. डोळे मात्र सरळ उजव्या रुमालावर. डाव्या रुमालाखाली काही नाही हे हाताला कळलं तेव्हा तिला त्याचं आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. हे मी नंतर अनेक बाळांत पाहिलं. एडेल डायमंड या संशोधक बाईंनीही त्याची नोंद केली आहे. लपवणं आणि शोधणं यांत काही सेकंदांची सक्तीची वाट पाहायला लावली की चूक वाढते आणि बाळ जसजसं मोठं होतं तसतसं ते जास्त वेळ तग धरतं, हेही त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे कुठे आहे हे ठाऊक असतं. सवय लागलेल्या हाताला थोपवणं जमत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग तेवढा पिकलेला नसतो.

त्याहून लहान बाळांबद्दल १९८५ मध्ये रेने बेयार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅनली वॉसरमन यांनी एक गमतीदार प्रयोग मांडला. पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक झडप पुढून मागे वळत असते. तिच्या मागे एक खोका ठेवला. झडप वर आली की खोका झाकला जातो. आता झडपेने खोक्याला टेकून थांबायला हवं. कधी ती थांबे. कधी मात्र खोका तिथे नसल्यासारखी सपाट मागे झोपे. बाळं ही दुसरी, अशक्य गोष्ट जास्त वेळ टक लावून बघत बसली. दिसत नसलेला खोका त्यांच्या लेखी तिथेच होता. या टक लावण्याचा अर्थ काय काढायचा यावर अजून भांडणं आहेत. मला विचाराल तर डोळ्यांना कळणं आणि हाताला कळणं ही एकच गोष्ट धरण्याचा हट्ट आपला, मोठ्यांचा. बाळाच्या बाबतीत ते 'कळलं' की 'नाही कळलं' एवढ्यात बसत नाही.

"सगळं कळतं हो त्याला," असं आज्या म्हणतात तेव्हा आमच्यातले नवे डॉक्टर गालात हसतात. मी हसत नाही. पदराआड तोंड लपवून बुवाकुक करणारी आजी महिनोन्‌महिने लपण्याचे आणि सापडण्याचेच तर प्रयोग करत असते. तळहातावर बोट टेकवून मोराला बोलवायचं, दाणे द्यायचे आणि शेवटी काखेत गुदगुल्या करायच्या, हा खेळ बघा. चार महिन्यांचं बाळ गुदगुल्या झाल्यावर हसतं. सहा-सात महिन्यांचं बाळ बोट दंडावर चढायला लागलं की आधीच खिदळून अंग चोरतं. अजून न झालेल्या गोष्टीला ते हसतंय.

यापेक्षाही लहान बाळांची एक हकिगत मला फार आवडते. अमेरिकेत कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी पाळण्यावर टांगलेलं हलतं खेळणं, आपलं चिमणाळंच म्हणा, आणि बाळाचा पाय यांना रिबिनीने जोडलं. पाय झाडला की वरचं हलतं. काही मिनिटांत बाळाला ही मेख सापडते आणि ते लाथांवर लाथा मारू लागतं. तीन महिन्यांचं बाळ ही गोष्ट साधारण आठवडाभर लक्षात ठेवतं. मी आयांना हे सांगते तेव्हा त्यांना पटत नाही, पण पुढच्या खेपेला एखादी हमखास सांगते, "ताई, रिबीन बांधून पाहिली."

दहा महिन्यांच्या सुमारास फेकाफेकी सुरू होते. चमचा खाली, वाटी खाली, पुन्हा चमचा खाली. या वयाच्या मुलाला 'छोटा शास्त्रज्ञ' म्हणायची आता फॅशन आहे. मला ते फारसं रुचत नाही. शास्त्रज्ञ उपकरण चाटत नाहीत. पण एवढं खरं की चमचा पडल्यावर मूल आधी जमिनीकडे बघतं आणि मग तुमच्याकडे. चमच्याचं काय होतं ते त्याला चार-पाच खेपांत कळलेलं असतं. तुमचं काय होतं, ते अजून बघायचं असतं.

वर्षाच्या आसपास बोट उचललं जातं. बिस्किटाकडे बोट दाखवून मागणं वेगळं आणि पंख्याकडे बोट दाखवून आईच्या तोंडाकडे बघणं वेगळं. दुसऱ्यात मागणं काहीच नाही. 'मला दिसतंय ते तुला दिसतंय ना' एवढंच आहे. दीड वर्षाचं मूल आईचा हात धरून फळीपर्यंत ओढत नेतं, पण काहीच कधी दाखवत नाही, असं दिसलं की माझी लेखणी थांबते आणि मी पुढच्या तपासण्या लिहून देते. बाहेर बाकावर मात्र मुलांच्या हातात मोबाइल असतो. दोन वर्षांच्या आत पडदा नको, घरच्यांशी व्हिडिओवर बोलणं तेवढं चालेल, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलंय. आम्ही ते भिंतीवर लावलंय. त्या पाटीखालचा बाक सगळ्यांना आवडतो, कारण चार्जिंगचा प्लग तिथेच आहे.

काही चुका तर बढतीच असतात. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना दोन्ही वेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना जवळजवळ येईनासे झाले. घरात कोणी न वापरलेला फरक त्यांनी सोडून दिला होता. आमच्या कागदावर हे उतरवायचं झालं तर लहान बाळाला अधिक आणि मोठ्याला उणे मिळेल. आपल्याकडची मुलं अडीच-तीन वर्षांची झाली की असंच करतात. आधी व्यवस्थित 'केलं' म्हणणारी मुलगी एक दिवस 'मी करलं' म्हणायला लागते. घरचे काळजीत पडतात. पड-पडलं, बस-बसलं, मग कर-करलं. तिला कोणी न शिकवलेला नियम सापडलाय आणि तो ती सगळीकडे लावत सुटलीय. तोवर तिचं 'केलं' हे नुसतं ऐकून उचललेलं होतं.

आता ज्या मुलाबद्दल सांगायचंय त्याला मी कधी विसरणार नाही. भोरकडचं कुटुंब. मुलगा वीसेक महिन्यांचा, जन्माच्या वेळी सव्वा किलोच्या आतबाहेर. सोबत आई आणि आजी. मी ठोकळे काढले. एकावर एक रचायचे, बस. मी रचून दाखवले. त्याने बघितले. मग टेबलावरचा कप ओढला, त्यात वरून काहीतरी ओतल्यासारखं केलं आणि आजीला दिला. "चा." आजी तरबेज. तिने फुंकर मारली, भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. "साखरच न्हाई रं ह्यात."

मुलगा थांबला. खरोखर थांबला. कपात पाहिलं. टेबलावर नजर फिरवली. मग एक ठोकळा उचलला, कपात टाकला, बोट घालून ढवळलं आणि कप परत आजीपुढे केला. आजीने पुन्हा भुरका मारला आणि मान डोलावली. आई ओशाळून म्हणाली, "ताई, घरी रचतो हो तो. आज नाटकं करतोय."

मनोरा झाला नाही, तेव्हा मनोऱ्यापुढे उणे. ते मी लिहिलं, कारण नियम नियम असतो आणि तो सगळ्यांना सारखा लावला नाही तर मापाला अर्थ उरत नाही. पण त्या मुलाने केलं काय? चहा नव्हता, त्यातली साखर त्याहून नव्हती. नसलेल्या चहात नसलेल्या साखरेची उणीव आहे हे आजीचं म्हणणं त्याने मान्य केलं. मग समोर असलेल्या वस्तूचा खरा उपयोग बाजूला ठेवून तिला साखर नेमलं. रशियात लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलांबद्दल हेच सांगितलं होतं की इथे अर्थ वस्तूपासून सुटा होतो. वस्तू सांगेल तसं वागायचं सोडून मूल अर्थाप्रमाणे वागू लागतं. भाषा, आकडे, पुढे बीजगणितातला क्ष, सगळं याच वाटेने येतं. मनोरा तो पुढच्या भेटीत रचणारच होता, आणि त्याने रचलाही. मी मात्र कागदाच्या मागे साखरेची हकिगत लिहून ठेवली. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी कागदाची मागची बाजू आधी वाचायला लावते.

व्हिगॉट्स्की १९३४ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी क्षयाने गेले. पियाजेंशी त्यांचा एक वाद त्याच वर्षी निघालेल्या पुस्तकात आहे, तो मुलांच्या एकट्याने बोलण्याबद्दल. तीन-चार वर्षांचं मूल आकारांची पाटी पुढे घेऊन पुटपुटत असतं: "हा गोल. इथे. नाही बसत. फिरव ना. अंऽ, बसला." पियाजेंना सुरुवातीला यात दुसऱ्याचा विचार न करणारं बोलणं दिसलं. व्हिगॉट्स्की म्हणाले, हाच विचार आहे, अजून तोंडाबाहेर आहे इतकंच. पुढे तो आत जाईल. आमच्या खोलीत मी व्हिगॉट्स्कींच्या बाजूची आहे. काम अवघड झालं की मुलांचं पुटपुटणं वाढतं, सोपं झालं की थांबतं. आणि नेमकं अवघड जागी आई दटावते, "तोंड बंद, हात चालव."

आकड्यांबद्दल पालकांना फार अभिमान. "शंभरपर्यंत येतात." म्हणवून घ्या, येतातही. मी चिंचोक्यांची वाटी पुढे करते आणि म्हणते, मला तीन दे. तीन वर्षांचं मूल सहसा मूठभर देतं. मोज म्हटलं तर एक, दोन, तीन, चार, पाच असं बोट लावत नीट मोजतं. मग किती दिलेस? पुन्हा एक, दोन, तीन... शेवटचा आकडा हाच 'किती'चा जबाब आहे, हे उमगायला मुलांना मोजता यायला लागल्यानंतरही महिनोन्‌महिने लागतात. आधी 'एक' पक्का होतो, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि मग कधीतरी एकदम सगळी साखळी लख्ख होते. कॅरन विन यांनी १९९० मध्ये हे नीट तपासून मांडलं.

चिंचोके मी कोसबाडहून घेतले म्हणायला हरकत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांबरोबर काम केलं, तेव्हा माँटेसरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती. बिया, शंख-शिंपले, पानं, खडे यांवर त्यांनी बालवाडी चालवली. विद्यार्थिदशेत मी तिथे गेले होते तेव्हा मला ती गरिबीतली तडजोड वाटली. आता वाटतं, मूठभर चिंचोक्यांत मुलाची चूक जितकी उघड दिसते तितकी खुंट्यांच्या पाटीत दिसत नाही. पाटीत खुंट्यांएवढीच भोकं असतात, मूल जास्त देऊच शकत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एक जुना प्रश्न आहे, पियाजेंचाच. ठोकळ्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या. सारख्या आहेत? हो. मग एक ओळ पसरून लांब करायची. आता? बहुतेक मुलं म्हणतात, ही जास्त. वर्षानुवर्षं याचा अर्थ एकच लावला जायचा, की मुलाला संख्या टिकते हे कळत नाही. १९७४ मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी ओळ विस्कटायचं काम एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीवर सोपवलं. अस्वल आलं, धसमुसळेपणा करून गेलं, "आता बघ बरं?" कितीतरी जास्त मुलं बरोबर निघाली. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवतं आणि तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा मूल ठोकळ्यांपेक्षा त्या माणसाचा जास्त विचार करत असतं. आपल्याकडे तर हे आणखी पक्कं. घरात काय नि बालवाडीत काय, उत्तर दिल्यावर "परत सांग, नीट बघून सांग" म्हटलं की त्याचा अर्थ एकच. आधीचं चुकलं.

तरी मी तो प्रश्न जुन्या रीतीने विचारते, कारण तुलनेसाठी तसा विचारावा लागतो. गेल्या पावसाळ्यात पाच वर्षांचा एक मुलगा आला होता. ओळी मांडल्या, सारख्या म्हणाला. मी एक ओळ पसरली आणि विचारलं, "आता? सारख्या की एकीत जास्त?" त्याने ओळींकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिला.

"मगाशी सांगितलं की तुम्हाला."

"अरे, मॅडमना असं बोलतात का?" आई गडबडून म्हणाली. मी कागदावर त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि ठोकळे गोळा केले. त्याला आता घंटी हवी होती.